सुलेमाची हट्टी

सुलेमा बेर्तोनी सगळ्यांचं ऐकून घ्यायची, पण ऐकायची कोणाचंच नाही. आईचं नाही, नवऱ्याचं तर नाहीच. तो बिचारा शेवटी मेंदोसाला बहिणीकडे राहायला गेला, तेही हिला विचारून. आणि आमचे साहेब, डॉक्टर मोंतेनेग्रो, ज्यांच्या हाताखाली ती शिकली, त्यांचं तर मुळीच नाही. मी तिच्या शेजारच्या टेबलाशी उभा जन्म काढला, म्हणून सांगते. बाईच्या नाकावर माशी बसलेली मी कधी पाहिली नाही.

मी तीता. रोसारिओच्या त्या संशोधन संस्थेत मी उंदीर सांभाळायचे आणि पेशी वाढवायचे. पेशी म्हणजे तान्ही पोरंच. वेळेवर खायला घाला, वेळेवर पाणी बदला, ऊब द्या, आणि एवढं करून ती कधी डोळे मिटतील याचा नेम नाही. सुलेमा डॉक्टरेट झालेली, स्वतःचं संशोधन करणारी बाई. उंचीनं माझ्या खांद्याला, आवाज मात्र फुटबॉलच्या मैदानात घसा बसलेल्या माणसासारखा. तो तसाच बसलेला होता म्हणा, कारण रविवार तिचा मैदानावरच जायचा. निळ्या-पिवळ्या जर्सीवाल्या क्लबची होती ती. आमच्या शेजारच्या प्रयोगशाळेतला रोगेलियो लाल-काळ्यांचा. सोमवारी सकाळी त्या दोघांच्या मधून चहाची किटली न्यायची माझी हिंमत नव्हती. चहा म्हणजे आमचा माते. एकाच भोपळ्यातून, एकाच नळीनं, आळीपाळीनं प्यायचा. रोगेलियोचा क्लब जिंकला असला की सुलेमा त्याची पाळी खुशाल वगळायची.

आमचा सगळा उद्योग एका प्रथिनामागे होता. पेशीचं दार बाहेरून कोणी वाजवलं की आत खबर पोचवणारं प्रथिन. आम्ही त्याला निरोप्या म्हणायचो. एरवी तो झोपलेला. निरोप आला की त्याच्या अंगावर फॉस्फेटचा बिल्ला चढतो आणि तो पळत सुटतो, वाढा रे, फुटा रे, एकाच्या दोन व्हा रे. गाठीतला निरोप्या कायमचा जागा राहिला तर गाठ वाढतच जाते. म्हणून तो जागा आहे की झोपलाय हे कळायला हवं. डोळ्याला तर काही दिसत नाही. त्यासाठी अँटीबॉडी लागते, फक्त बिल्लेवाल्या निरोप्यालाच जाऊन चिकटणारी.

ती अँटीबॉडी आम्ही परदेशातून मागवायचो. सशाच्या रक्तातून काढलेली, बोटभर बाटली. आणि मग आलं दोन हजार दोन साल. देशाचं दिवाळं वाजलं. बँकांनी शटर ओढली, लोक रस्त्यावर पातेली बडवत फिरायला लागले. सुलेमाही फिरायची. बडवायला तिनं प्रयोगशाळेतलं स्टीलचं भांडं नेलं. ते परत आलं तेव्हा त्याला एवढे पोचे पडले होते की त्यात काही मोजायची सोय राहिली नाही. बाहेरच्या बाटलीचं नाव काढायची सोय उरली नव्हती. जी एक आधी मागवलेली होती ती राजधानीच्या कस्टममध्ये पडून राहिली, आणि आली तेव्हा बर्फाचं पाणी झालेलं.

"झालं, आता हात जोडून बसा," रोगेलियो म्हणाला.

"तू बस," सुलेमा म्हणाली. "मी घरीच करते."

"अँटीबॉडी? घरी? पराठ्यासारखी?" नाही, तो एम्पानादा म्हणाला, पण सूर तोच.

तिनं केली. उंदरांना बिल्लेवाल्या निरोप्याचा तुकडा टोचला. काही महिन्यांनी त्यांच्या प्लीहेतल्या पेशी काढल्या आणि न मरणाऱ्या गाठीच्या पेशींशी त्यांची लग्नं लावली. यातले बहुतेक संसार मोडतात. जे टिकतात त्यांतली एकेक पेशी वेगळ्या खोलीत ठेवायची, म्हणजे प्लास्टिकच्या ताटलीतल्या इवल्याशा वाटीत. त्या एकटीची जी पिलावळ होते ती सगळी एकच अँटीबॉडी बनवते, एकच गोष्ट बोलते. हीच मोनोक्लोनल. सशाच्या रक्तात मात्र नाना अँटीबॉडींची खिचडी असते, कोण कोणाला चिकटेल याचा भरवसा नाही.

शंभर वाट्यांतली एक कामाची निघायची. त्यात वीज गेली, उबेची पेटी गार पडली, मग बुरशी आली. ताटल्याच्या ताटल्या मी रडत कचऱ्यात टाकल्या. एका ताटलीत कडेच्या वाटीत एक पेशी राहिली. शेजारच्या वाटीत बुरशीचं रान माजलेलं, आणि ही आपली मजेत दुणावतेय. तीच नेमकी निरोप्याला ओळखणारी निघाली. सुलेमानं तिचं नाव ठेवलं तेर्का. तेर्का म्हणजे हट्टी.

"आईवर गेलीय," डॉक्टर मोंतेनेग्रो म्हणाले. तेव्हा ते हसत होते.

हसणं संपलं ते त्यांच्या लेखावरून. डॉक्टरांनी जुन्या परदेशी बाटलीनं स्तनाच्या गाठींचे नमुने तपासले होते. ज्या बायकांना नेहमीचं औषध लागू पडत नव्हतं, त्यांच्या जवळजवळ प्रत्येक नमुन्यात त्यांना जागा निरोप्या दिसला. म्हणजे निरोप्याला झोपवणारं नवं औषध त्या बायकांना द्यायचं, असं ठरत आलं होतं. लेख तयार होता. त्याच्या जोरावर अनुदान येणार होतं, आणि संस्थेला त्या वर्षी अनुदानाशिवाय दुसरा आधार नव्हता. डॉक्टर काही वाईट माणूस नव्हते, हे मी आधीच सांगून ठेवते. आमचे पगार सुटावेत म्हणून ते मंत्रालयाच्या बाकड्यावर तासन् तास बसायचे, तेही टाय लावून.

सुलेमानं तेच नमुने हट्टीनं तपासले. जागा निरोप्या दिसला तो मोजक्याच बायकांत. बाकी सगळीकडे गाढ झोप.

"तुझी हट्टी अशक्त आहे," डॉक्टर म्हणाले. "तिला दिसत नाही, म्हणून नाही असं होत नाही."

"आणि तुमच्या सशाला दिसतं म्हणून आहे, असं होतं?"

"सुलेमा, ती बाटली जगभर वापरतात."

"जगभर वापरू देत. त्या बायका जगभरातल्या नाहीत, इथल्या आहेत. त्या औषधानं तोंडात फोड येतात, पोट चालू राहतं. जिच्यात निरोप्या झोपलाय तिला ते कशासाठी द्यायचं? तुमच्या लेखासाठी?"

हे तिनं जेवणघरात, सगळ्यांसमोर म्हटलं. डॉक्टरांचा चेहरा उतरला आणि मग ताठ झाला. द्रव नायट्रोजनच्या ज्या टाकीत आम्ही पेशी गोठवून ठेवतो, ती एकच टाकी आता भरून मिळत होती. जागा कमी. डॉक्टर म्हणाले, "गुरुवारच्या बैठकीत सगळ्यांसमोर दाखव. तुझ्या हट्टीचं म्हणणं सिद्ध झालं तर लेख थांबवतो. नाही झालं, तर लेखावर तुझी सही, आणि हट्टीच्या नळ्या टाकीतून बाहेर."

टाकीतून बाहेर म्हणजे मेली. वेगळी वाढवत ठेवायला पेटी नव्हती, खुराक नव्हता. हे त्यांनाही माहीत, तिलाही.

"बरं," सुलेमा म्हणाली आणि उरलेलं सूप प्यायली.

चाचणी तिनं सरळ मांडली, कोणालाही कळेल अशी. मोंतेविदेओच्या एका मैत्रिणीनं तिला अशा पेशी पाठवल्या होत्या ज्यांच्यातून निरोप्याचं जनुकच काढून टाकलेलं होतं. निरोप्या नावाला नाही. जेलच्या लिबलिबीत थरातून प्रथिनं आकाराप्रमाणे पळवायची, ती पातळ पडद्यावर उतरवायची. पडद्यावर चार रांगा. पहिल्या रांगेत जागा निरोप्या. दुसरीत झोपलेला. तिसरीत निरोप्याच नसलेल्या पेशी. चौथीत डॉक्टरांच्या नमुन्यांतला एक, जो त्यांच्या मते जागा आणि हिच्या मते झोपलेला. असे दोन पडदे. एक सशाच्या अँटीबॉडीत बुडवायचा, एक हट्टीच्या. मग दोन्हींवर दुसरी अँटीबॉडी, पहिलीला पकडणारी, जिच्या शेपटीला पेरॉक्सिडेज नावाचं एन्झाइम बांधलेलं असतं. वर रसायन ओतलं की ते एन्झाइम उजेड पाडतं आणि एक्स-रेच्या फिल्मवर काळी रेघ उमटते. सशासाठी दुसरी वेगळी, उंदरासाठी वेगळी.

आता आमच्या प्रयोगशाळेची एक रीत सांगते, कारण सगळं तिच्यावरच अडलं. आमच्याकडे काही फेकत नसत. श्रीमंत देशांत अँटीबॉडीचं पाणी एकदा वापरून ओतून देतात म्हणे. आम्ही तेच पाणी पुन्हा नळीत भरायचो, बुरशी धरू नये म्हणून चिमूटभर अॅझाइड टाकायचो, आणि पुन्हा पुन्हा वापरायचो. अॅझाइड विषारी. म्हणून ज्या नळीत ते घातलं तिच्या टोपणावर माझ्या नेलपॉलिशचा लाल ठिपका. मी लावायचे तो लालभडक रंग संस्थेतल्या निम्म्या फ्रीजमध्ये होता. पण अॅझाइड पेरॉक्सिडेजला मारतं. म्हणून ते फक्त पहिल्या अँटीबॉडीत घालायचं, शेपटीवाल्या दुसरीत कधीच नाही. ती वापरून फेकायची. त्या वर्षी मात्र आम्ही तीही फेकेनासे झालो होतो.

गुरुवारी सगळे जमले. बैठकीच्या खोलीत ताज्या गोड पावांचं ताट, माते फिरतोय, रोगेलियो खुर्ची उलटी करून बसलेला. सुलेमानं दोन्ही पडदे सगळ्यांसमोर धुतले, सगळ्यांसमोर रसायन ओतलं. मग डॉक्टर, ती आणि मी असे तिघं काळोख्या खोलीत शिरलो. लाल दिव्यात फिल्म रसायनात हलवायची असते. सशाची फिल्म आधी आली. पटापट काळ्या रेघा. मग हट्टीची.

काहीच नाही. कोरी करकरीत. काच धुवून ठेवावी तशी.

सुलेमा ती फिल्म हलवतच राहिली. मी तिच्या कोपराला हात लावला, तो तिनं झटकला.

बाहेर येऊन डॉक्टरांनी दोन्ही फिल्म्स खिडकीच्या काचेला चिकटवल्या. रोगेलियो म्हणाला, "वा! ही तर खरंच कोणाला त्रास देत नाही. सगळ्यांना झोपू देते."

खोली हसली. मीही हसले असते, इतकं ते हसू पसरलं. डॉक्टर हसले नाहीत. ते हळू म्हणाले, "जागा निरोप्याही दिसला नाही, सुलेमा. पहिल्या रांगेत तो होता. तुझी हट्टी आंधळी आहे. सोमवारी नळ्या बाहेर काढ, आणि लेख वाचून सही कर."

"काल दिसत होतं तिला," सुलेमा म्हणाली.

"काल मी नव्हतो."

ती तडक प्रयोगशाळेत गेली. मी मागोमाग. तिनं आपल्या टेबलावरच्या नळ्या एकेक करून उचलून पाहिल्या. हट्टीची नळी, टोपणावर लाल ठिपका, बरोबर. दुसऱ्या अँटीबॉडीची नळी. तिच्याही टोपणावर लाल ठिपका.

मी दोन्ही हात वर केले. "मी नाही लावला, सुले. देवाशपथ."

"मला माहीत आहे. मी लावलाय." तिनं नळी नाकाशी धरली, जणू अॅझाइडला वास येतो. "काल संध्याकाळी माझ्या सगळ्या नळ्यांना अॅझाइड घातलं. सशासाठीची दुसरी डॉक्टरांकडून आली, म्हणून ती वाचली. हात आपोआप चालतो ना, घाला, ठिपका लावा, फ्रीजमध्ये ठेवा. काटकसर करता करता अक्कलही वाचवून ठेवली मी. गाढव कुठली! स्वतःच्या पायावर स्वतः धोंडा मारून घेतला."

"मग असं सांग," मी म्हणाले, "की वीज गेली होती. किंवा कोणा तरी पोरानं घातलं. कोण विचारणार आहे?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी खाली बघायला लागले.

"तीता, मी त्यांना खोटं बोलू नका म्हणून भांडतेय. आणि सुरुवात मी खोटं बोलून करू?"

ती ती नळी हातात धरून पुन्हा बैठकीच्या खोलीत गेली. लोक उठायला लागले होते, कोणी पाव कागदात गुंडाळत होतं. ती दारातच उभी राहिली, वाट अडवून.

"बसा सगळे. हट्टी आंधळी नाही, मी आंधळी आहे. दुसऱ्या अँटीबॉडीत मी अॅझाइड घातलं. माझ्या हातानं. हसायचं असेल तर आत्ता पोटभर हसून घ्या, नंतर वेळ मिळणार नाही."

रोगेलियोनं तोंड उघडलं आणि मिटलं. आमच्यातल्या कोणाच्या हातून ते कधी झालं नव्हतं? त्यालाही आठवलं असणार.

"मला ताजी दुसरी अँटीबॉडी द्या," ती डॉक्टरांना म्हणाली. "उंदरासाठीची. तुमच्या फ्रीजमधली."

डॉक्टरांच्या कुलुपातल्या फ्रीजमध्ये शेवटचा थेंब होता, आणि तो वर्षभर पुरवायचा होता. "हातात पुरावा नाही आणि शेवटचा थेंब मागतेस," ते म्हणाले.

"पुरावा हवा?" तिचं लक्ष खिडकीकडे गेलं. ती काचेपाशी गेली, सशाच्या फिल्मवर बोट ठेवलं आणि तशीच थांबली. मग वळली तेव्हा तिचा आवाज बसलेला नव्हता, खणखणीत होता. "तिसऱ्या रांगेत काय आहे, डॉक्टर?"

सगळे बघायला लागले. तिसऱ्या रांगेत, जिथं निरोप्याच नव्हता, जिथं काही असायलाच नको होतं, तिथं ठसठशीत काळी रेघ होती. मघापासून ती आमच्या डोळ्यांसमोर टांगलेली होती. सगळे कोऱ्या फिल्मकडे बघून हसण्यात गुंग होतो.

"जो माणूस घरात नाही तो तुमच्या सशाला घरात दिसतोय," सुलेमा म्हणाली. "भूत बघतोय तो. किंवा निरोप्याएवढ्याच उंचीचा दुसरा कोणी तरी आहे आणि हा त्यालाच मिठी मारतोय. चावी द्या."

डॉक्टरांनी त्या रेघेवर स्वतःचं बोट फिरवलं. मग खिशातून चावी काढून त्यांनी टेबलावर ठेवली. हातात दिली नाही, पण दिली.

"जेवून या सगळे," सुलेमा म्हणाली. "पण परत या. जो येणार नाही त्याला मी घरी जाऊन दाखवीन."

पुन्हा धुणं, पुन्हा हट्टीचं पाणी, पुन्हा धुणं, मग ताजी दुसरी. मी तिला पावाचा तुकडा तोंडात भरवत होते, कारण तिचे हात मोकळे नव्हते. सगळे परत आले. यायचेच होते, असा तमाशा फुकट कुठं मिळतो! काळोख्या खोलीत या वेळी डॉक्टर स्वतः फिल्म हलवत होते. पहिल्या रांगेत काळी रेघ हळूहळू वर आली, दाट होत गेली. दुसरी रांग रिकामी. तिसरी रिकामी. चौथी, डॉक्टरांच्या नमुन्याची, रिकामी.

"झोपलाय," सुलेमा म्हणाली.

डॉक्टरांनी बाहेर जाऊन तिसरी फिल्म काचेला लावली आणि सगळ्यांना तोंडानं सांगितलं की लेख थांबला. त्यांच्या जागी दुसरा कोणी असता तर पुन्हा चार शंका काढल्या असत्या. रोगेलियोनं माते भरून सुलेमापुढे धरला, पहिला तिला, आणि तिनं तो घेतला. मला वाटलं, सुटलो.

कसले सुटतो! आगीतून निघालो ते फुफाट्यात. लेख नाही म्हणजे अनुदान नाही, अनुदान नाही म्हणजे टाकी भरणार कोण? दोन आठवड्यांनी डॉक्टर आमच्या खोलीत आले, दार लावून घेतलं आणि म्हणाले, "राजधानीतली एक कंपनी हट्टीला घ्यायला तयार आहे. संस्थेची टाकी चालेल, पगार चालतील. अट एकच. हट्टी दुसऱ्या कोणाला द्यायची नाही. ज्याला हवी त्यानं, आपणसुद्धा, त्यांच्याकडून बाटली विकत घ्यायची."

खरं सांगू? मला पटलं. माझ्या घरात त्या महिन्यात पगार धरूनही खायची मारामार होती. मी म्हणालेही, "सुले, यात वाईट काय आहे?"

"वाईट काय आहे?" ती उसळली. "मी हिला का केली, तीता? बाटली विकत घेता येत नव्हती म्हणून! आता कोर्दोबाच्या, साल्ताच्या, ला प्लाताच्या प्रयोगशाळांतल्या पोरींनी आपली बाटली विकत घ्यायची, आणि त्यांनाही ती घेता येणार नाही. मग त्या पुन्हा भुतं बघणार, आणि तिकडच्या बायकांच्या तोंडात फोड येणार. मी ज्याच्याशी भांडले तेच मी होऊ?"

"संस्था बुडेल," डॉक्टर म्हणाले.

"बुडाली तर मी पोहेन. सही करणार नाही."

"तुझी सही लागत नाही, सुलेमा. पेशी संस्थेच्या आहेत."

हे खरं होतं. कागदोपत्री हट्टी संस्थेची होती. सुलेमा वळून टाकीकडे बघायला लागली, आणि ती अशी बघायला लागली की मला जास्त भीती वाटायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं एक नळी टाकीतून काढून मला वाढवायला दिली. कशासाठी ते मी विचारलं नाही. पेशी दाट झाल्या तेव्हा तिनं छोटी चपटी बाटली काठोकाठ खुराकानं भरली, टोपण घट्ट लावलं, रुमालात गुंडाळली आणि पोलक्यात, छातीशी ठेवली. पेशींना अंगाची ऊब लागते. पेटी नसेल तर अंग चालतं. वरून कोट घातला आणि कोर्दोबाची बस पकडायला निघाली.

दारात डॉक्टर उभे. कोणी सांगितलं त्यांना, देव जाणे. मी सांगितलं नव्हतं.

"संस्थेतून काही बाहेर न्यायचं तर माझी परवानगी लागते," ते म्हणाले.

"माहीत आहे."

"काय नेतेस?"

"हट्टी."

"कुठं आहे?"

तिनं कोटावरून छातीवर हात ठेवला. "इथं. झडती घ्यायची असेल तर घ्या, डॉक्टर. पण मग पोलिसांना बोलवा, वर्तमानपत्रवाल्यांना बोलवा, आणि माझ्या आईलाही बोलवा. ती दोन गल्ल्या सोडून राहते, आणि तिच्यापुढे मी म्हणजे गरीब गाय आहे."

दारावरचा पहारेकरी भिंतीकडे तोंड करून हसू दाबत खांदे हलवत होता. डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग बाजूला झाले.

कोर्दोबापर्यंत ती ताठ बसून गेली, डुलकी लागून बाटली घसरू नये म्हणून. तिकडून तिचा फोन आला, "जिवंत आहे. दुणावतेय." तिकडच्यांनी ती वाढवली, साल्ताला दिली, तुकुमानला दिली. ज्यानं मागितली त्याला दिली. कंपनीनं हात झटकले. सुलेमाला लेखी ताकीद मिळाली, ती तिनं जेवणघराच्या दारावर डकवली. आणि थंडी संपता संपता आमची टाकी कोरडी पडली. मी माझ्या हातांनी ती रिकामी केली. किती वर्षांच्या पेशी, किती जणांचं आयुष्य, सगळं पाणी झालं. त्यात हट्टीच्या उरलेल्या नळ्याही होत्या. त्या दिवशी मी सुलेमाशी बोलले नाही. माझा पगार निम्मा झाला होता आणि मला राग आला होता, तो मी का लपवू?

पुढच्या वर्षी दिवस जरा सुधारले. टाकी पुन्हा भरली. सरकारी रुग्णालयानं डॉक्टरांना विचारलं, की बायकांना ते औषध देण्याआधी कोणाचा निरोप्या खरंच जागा आहे हे तुम्ही तपासून द्याल का? तपासायला हट्टी हवी. आमच्याकडे ती नव्हती.

डॉक्टरांनी स्वतः कोर्दोबाला फोन केला. मी तिथंच होते. तिकडच्या बाईनं एवढंच विचारलं की बस किती वाजता पोचते. बाटली आली, मी ती पेटीत ठेवली, आणि डॉक्टर काचेतून वाकून तिच्याकडे बघत राहिले. मग विचारलं, "तीता, याचे त्यांना काय द्यायचे?"

उत्तर सुलेमानं दिलं, मागून, हातातल्या नळ्यांवरची नजर न काढता.

"काही नाही, डॉक्टर. मी तुमचं ऐकलं असतं तर आज तुम्हाला विकत घ्यावी लागली असती."